चाकोरीत रुतलेला शनिवार: फोर बाय फोरमधले अडीच दिवस

शुक्रवार, रात्र

गाडी घेऊन आठ महिने झाले आणि या आठ महिन्यांत तो फोर बाय फोरचा, म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांकडे नेणारा लिव्हर मी एकदाच ओढला होता, तोही पार्किंगमध्ये, लागतो का नाही ते बघायला. म्हणजे पोहायचे कपडे घालून काठावर बसल्यासारखंच. शेवटी काकांनी एक दिवस सरळ विचारलं, "गाडी चालवायला घेतलीस का पुसायला?" मग काय, ठरलं. शनिवार-रविवार, तीन गाड्या, पाच माणसं. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, लिहिलं की पुढच्या रविवारी तिथे ५० गाड्या आणि त्याच्या पुढच्या रविवारी फाटकाला कुलूप. जमीन ज्यांची आहे त्यांना काकांनी आधीच विचारून ठेवलं होतं, हे मात्र लिहितो.

मंडळी अशी. काका, साठी उलटलेली, जुनी जीप, गिअरच्या शेजारी दोन छोटे लिव्हर, एक पुढचा अॅक्सल जोडायला आणि एक हाय-लो करायला, म्हणजे नेहमीची चाल की हळू पण जोराची ते ठरवायला, शिवाय पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे लॉकिंग हब, लॉक केले तरच ती चाकं इंजिनाला जोडली जातात. ताई आणि त्यांचे मिस्टर, छोटी हलकी गाडी, मागच्या अॅक्सलला डिफ लॉक बसवून घेतलेला. आणि मी व माझा धाकटा भाऊ, नवी कोरी गाडी, टचस्क्रीन, उतारावर आपोआप ब्रेक मारणारं बटण, सगळं आहे, फक्त चालवणाऱ्याला काही येत नाही.

रात्री अकरापर्यंत सामान बांधणं चाललं होतं. काकांनी फोनवर एकच नियम सांगितला, "गाडीत जे जे सुटं आहे ते उद्या तुझ्या डोक्यात येणार असं धरून चाल." आमचा उंच जॅक बारा-तेरा किलोचा आहे. तो डोक्यात आला तर, असा विचार केला आणि त्याला आणखी एक पट्टा मारला. पाण्याचा कॅन, फावडं, टूलबॉक्स सगळं खाली आणि पुढच्या सीटच्या मागे चिकटवून, कॅरिअरवर काहीही नाही, कारण वरती वजन गेलं की आडव्या उतारावर गाडी लवकर कलंडते. भावाला कॅरिअरवर जेरीकॅन हवा होता, फोटोत बरा दिसतो म्हणून. नाही दिला.

शनिवार

पहाटे साडेचारला निघालो, डांबर संपलं तेव्हा नुकतं उजाडलं होतं. गाड्या थांबवून पहिलं काम, हवा सोडणं. इतकी वर्षं आपण टायरमध्ये हवा कमी झाली की घाबरतो आणि इथे मी स्वतःच्या हाताने ३२ पीएसआयची १८ करत होतो, फुस्स्स आवाज ऐकून पोटात कसंतरीच होत होतं. पण गाडी जरा पुढे घेतली आणि फरक डोळ्यांनी दिसला, मातीत उमटलेला टायरचा ठसा आधीपेक्षा लांबोडा झाला होता. रुंदीला फारसा वाढत नाही, लांबीला वाढतो, हे मला माहीत नव्हतं. कडक टायर दगडावरून उडी मारतो, मऊ टायर दगडाला कवेत घेतो. ताई म्हणाल्या की वाळू असती तर अजून खाली १५ पर्यंत गेलो असतो, पण मग वळताना एकदम हळू, नाहीतर टायर रिमवरून उतरतो. आणि हवा कमी असली की टायरच्या भिंती बाहेर फुगतात, त्यामुळे बाजूने धारदार दगड लागला तर चिरायची भीती जास्त. म्हणजे एक हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतात.

मग फोर लो, म्हणजे चारही चाकं जोडलेली आणि चाल हळू पण जोराची. गाडी उभी करून, न्यूट्रल करून लिव्हर ओढला, खट्ट असा आवाज आला आणि डॅशबोर्डवर दिवा लागला. क्लच सोडला, अॅक्सिलरेटरला पायच लावला नाही, तरी गाडी चालायला लागली! चालायला म्हणजे अक्षरशः रांगायला. रात्री मुक्कामाला भावाने याचा हिशोब मांडला. पहिला गिअर, लो रेंज आणि अॅक्सलचा गिअर असे तिन्ही गुणले की माझ्या गाडीचं इंजिन साधारण ४० वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. इंजिन आयडलवर मिनिटाला ८०० फेरे, म्हणजे चाक २० फेरे, टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास, झाले मिनिटाला ४५-४६ मीटर. ताशी पावणेतीन किलोमीटर. माणूस रमतगमत चालतो त्याच्याहून हळू. आणि ज्या प्रमाणात वेग कमी त्या प्रमाणात चाकाला जोर जास्त. मी आठ महिने ज्याला "पॉवर" समजत होतो ती ही नव्हतीच.

काकांनी खिडकीतून हात घालून माझे अंगठे स्टिअरिंगच्या आतून बाहेर काढले. म्हणे चाक दगडाला आपटलं की स्टिअरिंग गर्रकन फिरतं आणि आतला आरा अंगठ्यावर बसतो. पॉवर स्टिअरिंगमध्ये इतकं होत नाही पण सवय असलेली बरी. दोन दिवस अंगठे वरती ठेवून गाडी चालवली, आता ऑफिसला जातानाही तसंच धरतोय, लोकांना वाटत असेल याच्या हाताला काही झालंय.

पहिला तास मजेत गेला. मग एक तिरका चर आला. समोरून बघायला काहीच नाही, गुडघाभर खोल असेल. पण तिरका असल्यामुळे गाडीचं पुढचं डावं चाक आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी हवेत लटकले. दोन चाकं गरागरा फिरतायत, दोन चाकं जमिनीवर गप्प उभी, गाडी ढिम्म. फोर बाय फोर म्हणजे चारही चाकं ओढणार अशी माझी समजूत होती, ती इथे संपली. डिफरन्शियल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा, साधा असला की तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, आणि हवेतल्या चाकाला फिरायला जवळजवळ काहीच जोर लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य, मिळतो. ताईंचा डिफ लॉक दोन चाकं एकमेकांना बांधूनच टाकतो, त्या त्याच चरातून झोपाळ्यावर बसल्यासारख्या गेल्या. माझ्या गाडीत लॉक नाही पण फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावणारी सिस्टिम आहे. ती सुरू झाली की कर्र-टक-टक-टक असा भयानक आवाज येतो. तो आला की मी घाबरून पाय काढायचो. असं तीनदा झालं.

"अरे पाय काढू नकोस!" ताई समोरून ओरडल्या. "तो आवाज ब्रेकचाच आहे. पाय तसाच ठेव, वाढवू नको, कमी करू नको. मनात पाच मोज."

मोजले. तीनवर गाडी हलली, चारला बाहेर.

इथे मला जरा जास्तच आत्मविश्वास आला असं भावाचं म्हणणं आहे, आणि पुढे जे झालं ते बघता मी वाद घालणार नाही.

चराच्या पुढे सखल जागा होती, वरून वाळलेली, आत चिखल. कोणाच्या तरी ट्रॅक्टरने जाऊन जाऊन दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या. आपण एरवी भाषणात "चाकोरीबाहेर जा, चाकोरीबाहेर जा" म्हणतो ना, तर ते चिखलात शब्दशः खरं आहे! ताई चाकोरीत उतरल्याच नाहीत, एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक बाहेरच्या कडेवर असं ठेवून निघून गेल्या. काका पण तसेच. मी म्हटलं, पाडलेली वाट आहे ती सोडून कशाला, आणि सरळ चाकोरीत. ट्रॅक्टरची चाकं किती मोठी असतात आणि त्याचं पोट किती उंच असतं हा विचार डोक्यात आलाच नाही. पंधरा-वीस फूट गेलो असेन, खालून खरर्र आवाज आला, मधला उंचवटा गाडीच्या पोटाला टेकला, चाकांवरचं वजन कमी झालं आणि चाकं फिरायला लागली. आता इथे पाय काढायचा होता. मी नेमका दाबला. चिखलाचा फवारा छपरापर्यंत, टायरचे खाचे चिखलाने भरून गुळगुळीत झालेले, आणि दहा सेकंदांत गाडी अॅक्सलपर्यंत खाली. "दादा, पाय काढ, पाय काढ ना," असं भाऊ किती वेळ म्हणत होता कोण जाणे, मला ऐकू आलं तेव्हा सगळं संपलेलं.

दार उघडलं तर दाराची खालची कडा चिखलातून रेघ मारत गेली. उतरलो, एक पाय घोट्याच्या वर आत, बूट तिथेच राहिला.

काका आले, खाली वाकून बघितलं, काही बोलले नाहीत. हे जास्त लागतं. ताईंचे मिस्टर मात्र खुश, ते फावडं घेऊन आलेच होते. पुढचा एक तास आम्ही नुसतं खणत होतो. चाकांच्या पुढे उतार काढायचा, पोटाखालचा उंचवटा कोरायचा, अॅक्सलच्या मागून चिखल मोकळा करायचा, कारण ओला चिखल गाडीला खालून चोखून धरतो, नुसतं ओढायला गेलं तर खूपच जास्त जोर लागतो. मी मध्येच म्हटलं की झालं की आता, बांधू या पट्टा. काका म्हणाले, "अजून अर्धा तास खण, म्हणजे पट्टा एकदाच लावावा लागेल."

पट्टा बांधायच्या वेळी भावाने तो काकांच्या जीपच्या टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या त्या गोळ्याला अडकवला. दोन दिवसांत काका त्या एकदाच खऱ्या अर्थाने ओरडले. तो गोळा ट्रेलर शांतपणे ओढायला असतो, रुतलेली गाडी हिसकायला नाही. तुटला तर ताणलेला पट्टा त्याला तोफेच्या गोळ्यासारखा फेकतो, काच फोडून आत येतो आणि यात माणसं गेलेली आहेत. मग चॅसीला बोल्ट केलेल्या हुकाला शॅकल, म्हणजे पिन लावून बंद करायची लोखंडी कडी लावली, तिच्यावर ४.७५ टन असं कोरलेलं असतं ते दाखवलं, पिन पूर्ण आवळून पाव फेरा परत सैल केली, कारण जोर आला की पूर्ण आवळलेली पिन अशी बसते की हाताने सुटत नाही. पट्टा नायलॉनचा, हा ताणला की आपल्या लांबीच्या साधारण २० टक्के लांबतो आणि रबरासारखा गाडीला खेचून घेतो. साधा टोइंगचा पट्टा ताणत नाही, त्याने हिसका दिला तर काहीतरी तुटणारच. पट्ट्यावर ओलं जाड पांघरूण टाकलं, म्हणजे तुटलाच तर उडणार नाही, आणि बाकी सगळ्यांना पट्ट्याच्या दीडपट लांब उभं केलं.

जीप हळूच निघाली, पट्टा ताणला गेला, एक क्षण काहीच नाही, आणि मग फच्च्च! बाटलीचं बूच निघावं तसा आवाज. गाडी बाहेर. माझा बूट आतच. तो नंतर मिस्टरांनी फावड्यावर आणून दिला.

दुपारी ओढा. चिखलानंतर ओढा म्हणजे मला आंघोळच वाटली. ताई आधी काठी घेऊन चालत आरपार गेल्या, चालत जाता येत नसेल तिथे गाडी घालायची नाही हा त्यांचा नियम. तळ घट्ट, पाणी मांडीच्या जरा खाली. इंजिनात हवा कुठून शिरते ती जागा किती उंच आहे ते बघून घेतलं. हवेबरोबर पाणी आत गेलं तर पिस्टन पाण्याला दाबू शकत नाही, पाणी दबतच नाही, दबतो तो कनेक्टिंग रॉड, म्हणजे वाकतो. आणि पाण्यात गाडी बंद पडली तर स्टार्टर मारायचा नाही. हळू आत शिरायचं, मग एकसारख्या चालीने, की पुढे छोटी लाट तयार होते आणि तिच्या मागे बॉनेटपाशी पाणी खाली राहतं. सगळं तसंच केलं. फक्त मध्यावर भाऊ म्हणाला, "दादा एक मिनिट, फोटो!" तो दगडावर उतरला, मी थांबलो. एक मिनिटाची पाच झाली. पाणी सीटपर्यंत आलं नव्हतं, इंजिन चालू होतं, काय होणार होतं? हे वाक्य लक्षात ठेवा.

रात्री मुक्काम ओढ्यापासून लांब, उंचावर. टॉर्च घेऊन गाडीखाली शिरून ब्रेकचे पाइप, स्टिअरिंगचे सांधे बघितले, सगळं जागेवर. काका जीपच्या बॉनेटला टेकून जीपची जन्मकथा सांगत बसले. १९४० साली अमेरिकी सैन्याने गाडी मागितली, नमुना ४९ दिवसांत हवा म्हणून. बँटम नावाची छोटीशी कंपनी तेवढ्यात करून मोकळी झाली, पण मोठी ऑर्डर गेली विलीज आणि फोर्डला आणि महायुद्ध संपेपर्यंत ६ लाखांच्या वर जीपा निघाल्या. ज्याने आधी केलं तो मागेच राहिला, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे का बघितलं ते मला कळलं नाही. चिखलात सगळ्यात आधी तर ताई आणि काका गेले होते.

रविवार

सकाळी चढ. लांब, सरळ, वरती सुटी खडी. मी शहाणा होऊन लो रेंजचा पहिला गिअर टाकला आणि आयडलवर चढायला लागलो, पाऊण चढ झाला आणि चाकं खडीत फिरायला लागली. या वेळी पाय काढला! ब्रेक धरून थांबलो. समोर फक्त आकाश, बॉनेटपलीकडे काही दिसत नाही, आणि मनात एकच, की वळवून खाली जाऊ या. तेच करायचं नसतं. चढावर गाडी आडवी झाली की लोळण घेते. रिव्हर्स टाकायचा, तोही लो मध्येच, क्लच पूर्ण सोडायचा, आणि मग ब्रेक अलगद सोडत इंजिनाच्या धाकात सरळ मागे. मान मागे वळवून, ताईंच्या हाताकडे बघत, स्टिअरिंग सरळ. खाली येईपर्यंत शर्ट पाठीला चिकटला होता.

"दुसरा गिअर लाव," काका म्हणाले. "पहिल्यात जोर इतका आहे की खडी सुटते. जोर कमी कर, चाल थोडी वाढव, आणि वर जाईपर्यंत पायाला बोलू देऊ नकोस."

दुसऱ्या गिअरमध्ये गेलो वर. कसा गेलो ते मला आठवत नाही, भावाने व्हिडिओ काढलाय त्यात मी श्वास घेताना दिसत नाही.

मग काका निघाले. आणि जिथे मी अडकलो होतो बरोबर तिथेच जीप थांबली, मागची चाकं खडी उडवतायत. पुन्हा मागे, पुन्हा वर, पुन्हा तिथेच. तिसऱ्या वेळी ताई खालून बारीक आवाजात म्हणाल्या, "काका, तुमची पुढची चाकं झोपलीयेत." हब! आदल्या रात्री मुक्कामाला आल्यावर सवयीने त्यांनीच ते फ्री करून ठेवले होते. लिव्हर फोर बाय फोरला, अॅक्सल आत फिरतोय, पण चाकांपर्यंत पोहोचतच नाहीये. काका खाली आले, उतरले, दोन्ही हब फिरवून लॉकवर आणले, कोणाकडेही न बघता परत बसले आणि एका दमात वर. वर पोहोचल्यावर भाऊ काहीतरी बोलणार होता, मी त्याचा हात दाबला. आपला बूट अजून ओलाच होता.

पलीकडचा उतार उभा होता पण तिथे माझं ते बटण दाबायला काकांनी मनाई केली, आधी पायाने शीक म्हणाले. पहिला गिअर, क्लचवरून पाय पूर्ण बाजूला, इंजिनच गाडीला धरून ठेवतं. मध्ये एकदा मागचं टोक बाजूला सरकायला लागलं, तिथे ब्रेक नाही तर किंचित अॅक्सिलरेटर द्यायचा, चाकं पुन्हा फिरून पकड घेतात आणि गाडी सरळ होते. शरीराला हे पटत नाही. घसरताना अजून पुढे जा म्हणून सांगणं म्हणजे. पण झालं.

दुपारी डांबराला लागलो, छोट्या कॉम्प्रेसरने चार टायर १८ वरून ३२ ला आणायला पाऊण तास गेला, आणि त्या कंटाळ्यात लिव्हर टू व्हीलला आणायचा राहिला. पहिल्या वळणावर गाडी अशी जड झाली की कोणीतरी मागून धरून ठेवलंय. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात, मातीत ती थोडी घसरून हिशोब जुळवतात, डांबरावर घसरता येत नाही, मग तो सगळा पीळ आतल्या शाफ्टमध्ये साठतो. लिव्हर ओढतोय तर येईना. काकांनी दहा फूट सरळ मागे घ्यायला लावली, आत काहीतरी सुटल्यासारखं ठक झालं आणि लिव्हर लोण्यासारखा आला.

त्याच्यापुढे ७० च्या वर स्टिअरिंग थरथरायला लागलं. मला वाटलं संपलं, रॉड वाकला. थांबून बघितलं तर रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून दगड झालेला, चाकाचा तोलच गेलेला. काठीने खरवडून काढला, दोन मूठभर ढेकळं एका चाकातून.

सोमवार

संध्याकाळी गाडी धुतली, दोन तास नुसतं खालून पाणी मारत होतो तरी तपकिरी येतच होतं. काकांचा फोन आला, "ओढ्यात मध्ये उभा होतास ना? डिफचं तेल काढून बघ." म्हटलं कशाला, पाणी तेवढं वर नव्हतंच. ते म्हणाले चालून चालून अॅक्सल तापलेला असतो, गार पाण्यात उभा राहिला की आतली हवा आकसते आणि मिळेल त्या फटीतून पाणी ओढून घेते. म्हणून त्याच्यावर श्वास घ्यायला एक छोटी नळी असते, ब्रीदर. माझी नळी अॅक्सलवरच बोटभर उंच, म्हणजे पाण्याखाली.

मागचा प्लग सैल केला. तेल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे खालून आधी जे आलं ते तेल नव्हतंच, गढूळ पाणी होतं, आणि त्याच्यामागून आलेलं तेल काळपट असायच्या ऐवजी फिकट, दुधी. पुढच्या अॅक्सलचं मात्र बरं निघालं. दोन्हीकडे नवीन तेल भरलं आणि लांब रबरी नळी आणून दोन्ही ब्रीदर बॉनेटच्या आत वरपर्यंत नेऊन बांधले.

ते पहिलं निघालेलं पाणी भावाने एका काचेच्या बाटलीत भरून ठेवलंय, अर्धी भरलीये. वर मार्करने लिहिलंय, "एक मिनिट, फोटो".